सोपानचा भिर्रर्र

सोपान निरगुडसरचा, पण बैलगाडा शर्यतीचा पुकारा म्हटलं की आख्ख्या आंबेगावात त्याचंच नाव. बैल सुटले की याचा माईकवर ‘भिर्रर्रर्र’ सुरू, तो गाडा घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढणीच्या, वरच्या निशाणाला पोचेस्तोवर, एका दमात. बारा सेकंद! वीस वर्षांत गडी कधी चुकला नव्हता, आणि मिजासही तेवढीच होती.

यंदा मात्र पहिल्याच शर्यतीत नवव्या सेकंदाला ‘भिर्र’चा खोकला झाला. असा, की निम्मं पब्लिक बैल सोडून त्याच्याकडंच बघायला लागलं.

“माईक बिघडलाय तुझा!” तो जुन्नरच्या साउंडवाल्या अनसवर खेकसला.

“माईक खोकत न्हाई, सोपानभाऊ,” अनस म्हणाला. “तुमी खोकताय.”

लोणीच्या यात्रा कमिटीचा गेणभाऊ तिथंच उभा होता. “तीन महिन्यांनी आमच्या यात्रेत असं झालं, तर माईक त्या नव्या पोराला, सुदर्शनला देनार,” तो म्हणाला. सुदर्शनला! ज्याला बैल ओळखायलासुद्धा मोबाईल लागतो!

सोपाननं मंचरचा डॉक्टर गाठला. “रोज दोन बंडल बिड्या?” डॉक्टर म्हणाले. “अहो, फुप्फुसात धूर कोंबल्यावर दम कुठून पुरणार? आजच सोडा. खोकलाही उतरेल.”

सोपाननं बिड्या चुलीत घातल्या. पुढचे आठ दिवस काय सांगावेत! म्हशीवर डाफरला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर डाफरला. शेवटी बायको साळुबाईनं हात जोडले. “आवं, वढा एकदाची, पर गप बसा!” पण सुदर्शनच्या हातातला माईक डोळ्यांपुढं आला, की गडी फुटाण्यांचा बकाणा भरायचा.

महिन्यानं खोकला उतरला. मग विहिरीची चढण न थांबता चढून आला. एक दिवस जेवताना म्हणाला, “भाकरीला लई चव हाय गं!”

“मंग इतकी वर्सं मी काय माती थापत व्हते व्हय?” साळुबाई भडकली, आणि आणखी एक भाकरी वाढली.

यात्रेच्या दिवशी लोणीच्या घाटात सोपाननं माईक हातात घेतला. बैल सुटले. भिर्रर्रर्र! नववा सेकंद आला आणि गेला. बारावाही गेला. बैल निशाण ओलांडून पुढच्या शेतात जाऊन उभे राहिले, तरी याचं चालूच. अनस हसून हसून खुर्चीवरून घसरला.

“सोपानराव, पोचला की गाडा!” गेणभाऊ ओरडला.

“गाडा पोचला, गेणभाऊ,” सोपान माईकवर गरजला, “माझा दम अजून शिल्लक हाय!”