दुसरा नमस्कार

कोरियातल्या आमच्या कुन्सान गावचा जहाजांचा कारखाना बंद पडला आणि माझा धाकटा भाऊ मुनसू वेल्डिंगची नोकरी जाऊन घरी बसला. अर्ज जात होते, उत्तरं येत नव्हती. रोजगार कचेरीतल्या बाईंनी त्याला सुचवलं, रिकामं बसण्यापेक्षा कुठंतरी विनामोबदला काम करा, चार ओळखी होतात, अर्जातही बरं दिसतं. बोलायला त्यांचं काय जात होतं.

या पठ्ठ्यानं निवडलं तेही असलं, बेवारशांचे अंत्यविधी. ज्याचं कुणी येत नाही त्याच्या मुलाच्या जागी काळा कोट घालून उभं राहायचं, उदबत्ती लावायची, जमिनीला कपाळ टेकून दोनदा नमस्कार करायचा. जिवंत माणसाला एकदा आणि मेलेल्याला दोनदा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

बाबा म्हणाले, कमवायची अक्कल नाही, लोकांचे मुडदे फुकट पोचवतोय. त्यानंतर ते त्याच्याशी बोलेनासे झाले. त्यांच्या फुप्फुसात कर्करोग होता, तो आम्ही दोघांनी त्यांच्यापासून लपवला होता. जुना खोकला आहे, असंच सांगत होतो. मुनसूला पगारी कामावर बघून त्यांनी जावं, एवढीच आमची धडपड होती.

नव्या वर्षाच्या सकाळी बाबा आमचे नमस्कार घ्यायला भिंतीला टेकून बसले. मी नमस्कार केला. मग मुनसूनं केला, उठला, हातावर हात ठेवले आणि पुन्हा खाली गेला. कपाळ टेकल्यावर त्याच्या लक्षात आलं. तो वर येईना. बाबा उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं.

"सवयीनं झालं गं ताई," मुनसू म्हणाला. मी त्याला बोलू नये ते बोलले.

त्याच आठवड्यात अंत्यविधीगृहाच्या मालकांचा फोन आला. परक्यांसाठी हा मुलगा किती मनापासून उभा राहतो, ते त्यांनी पाहिलं होतं. कामावर ये म्हणाले, पगार, विमा, सगळं. कचेरीतल्या बाईंचं खरं झालं, पण कसं.

मुनसू बाबांच्या दाराबाहेर गुडघे टेकून बसला आणि नोकरी लागल्याचं सांगितलं. आतून खोकला ऐकू आला.

"कुठं?"

त्यानं सांगितलं. मग दार उघडलं. बाबा किती वाळलेत ते मला तेव्हा नीट दिसलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "माझ्या वेळी रजा मागावी लागणार नाही तुला."

"बाबा, तुम्हाला..."

"उन्हाळ्यापासून माहीत आहे रे. तुम्ही दोघं एवढ्या कष्टानं लपवत होतात, म्हणून गप्प बसलो."

त्या दिवशी आम्ही तिघं एका टेबलाशी जेवलो. बाबांनी मुनसूच्या भातावर माशाचा तुकडा ठेवला. कुणाला कुणापासून लपवायचं काही उरलं नव्हतं, आणि मला मात्र ते लपवणंच परत हवं होतं.