चौकीदाराचा आवाज

वडील गेले त्याला पाच आठवडे झाले, आणि मला त्यांचा आवाज आठवेनासा झाला. शब्द आठवतात, आवाज नाही. सत्तावीस सिनेमे काढलेला माणूस, पण स्वतः एकदाही कॅमेऱ्यासमोर आला नाही. मुलाखती मॅनेजर द्यायचे. फोनवर ते "बोल" म्हणायचे आणि ऐकत राहायचे. माझ्याकडे त्यांचं एकही वाक्य साठवलेलं नाही.

म्हणून मी नानांकडे गेले. नाना वडिलांचे ध्वनिमुद्रक, पहिल्या सिनेमापासूनचे. त्यांच्या खोलीच्या भिंतींना अजून तपकिरी फोम चिकटवलेला आहे. कोपऱ्यांत त्याचा भुगा पडतो.

"उजवीकडे बस," ते म्हणाले. "डावा कान तुझ्या बाबांच्या शिव्यांनी गेला."

मी कशासाठी आले ते सांगितलं. त्यांनी बराच वेळ कपाळ चोळलं, आणि मग त्यांना आठवलं. अकराव्या सिनेमात चौकीदार झालेला नट डबिंगला आलाच नाही, तेव्हा वडील चिडून स्वतःच माइकसमोर उभे राहिले.

"वाक्य एकच. 'कोण पाहिजे?' सात टेक झाले. शेवटी मीच म्हणालो, साहेब, तुम्हाला परत कोणी काम देणार नाही."

मी हसले. नानांनी सिनेमा लावला.

फाटक आलं. चौकीदाराने कडी काढली, ओठ हलले. "कोण पाहिजे?" आवाज बारीक, नाकातला. कुणा परक्याचा.

नानांनी मागे नेऊन पुन्हा लावलं. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा त्यांचं बोट बटणावरच राहिलं.

"अगं, हा बदललाय. रिलीजच्या आधी त्यांनीच बदलून घेतला. विसरलोच बघ."

"का?"

"म्हणाले, पोरगी पहिल्या खेळाला येणार. आवाज ओळखेल आणि गोष्ट सोडून मलाच शोधत बसेल."

तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्या खेळाला ते माझ्या शेजारी बसले नाहीत. पाठीमागच्या दाराशी उभे राहून लोक कुठे चुळबुळ करतात ते टिपत होते. मी सिनेमाभर मान वळवून त्यांनाच शोधत होते. सिनेमातलं मला काही आठवत नाही.

"आधीची टेप असेल ना?"

"टेप पुसून पुढच्या सिनेमाला वापरायची, हा त्यांचाच नियम. तिच्यावर मी बहुतेक घोड्यांच्या टापा घेतल्या." नाना खाली बघत म्हणाले. "मी करून दाखवू? थोडाफार जमतो मला."

त्यांनी घसा खाकरला, हनुवटी छातीला टेकवली आणि जाड आवाजात म्हणाले, "कोण पाहिजे?"

"असा नव्हता."

"मग कसा होता?"

मी सांगायला तोंड उघडलं. नानांनी उजवा कान माझ्याकडे वळवला. शेवटी त्यांनी मशीन बंद केलं.