शंभर नाही, पंच्याण्णव

आमच्या गावात पाणी शंभरावर उकळत नाही. पंच्याण्णवावर उकळतं. अयाशी डोंगराच्या पायथ्याशी इतक्या उंचीवर राहतो आम्ही, इथली हवाच पातळ, पाण्याला तेवढी उष्णता पुरते. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी सहावीत शाळा सोडली. पण बावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत बीकर धुते, बाटल्या भरते, दिवे पेटवते. दर ऑक्टोबरात तोच प्रयोग होतो आणि दर ऑक्टोबरात पारा त्याच रेघेवर येऊन बसतो. आणि दर ऑक्टोबरात छत्तीसच्या छत्तीस मुलं प्रयोगवहीत लिहितात: शंभर.

कारण पुस्तकात शंभर आहे. पुस्तक लिहिणारे समुद्राकाठी राहतात. आमचे विज्ञानाचे उस्ताद मझियान तास सुरू व्हायच्या आधीच फळा भरून ठेवतात. साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान, खबरदारी, सगळं. मुलं आधी निरीक्षण उतरवून घेतात, मग प्रयोग करतात. वेळ उरला तर.

इत्तो नावाच्या पोरीने गेल्या ऑक्टोबरात पंच्याण्णव लिहिलं. सफरचंदाच्या बागेत राबणाऱ्याची मुलगी, सोळा वर्षांची, बोलायला तिखट. उस्तादांनी लाल शाईने पंच्याण्णव खोडलं आणि शेजारी लिहिलं, ‘निष्काळजी वाचन’. तास सुटल्यावर ती वही घेऊन माझ्याकडे आली. सगळी पोरं मला खाल्ती म्हणतात, म्हणजे मावशी.

“खाल्ती, थर्मामीटर खोटं बोलतो का गं?”

“त्याला खोटं बोलून काय मिळणार? त्याला कुठे बढती हवीय?”

“मग हे लाल काय?”

“शंभर लिही पोरी, गुण घे आणि पुढे हो. थर्मामीटर तुला पास करणार नाही.”

हे मी बोलले. मीच. पुढचं सांगायच्या आधी हे सांगून टाकते, नाहीतर तुम्ही मला भली बाई समजाल.

आता पाण्याचं. नोव्हेंबर लागला की आमच्याकडे नळ गोठून फुटतात. फुटले की मुदीर साहेबांना वर अर्ज करावे लागतात. मुदीर म्हणजे आमचे मुख्याध्यापक, बनासिर. अर्जांचा त्यांना फार कंटाळा. त्यांनी सोपी युक्ती काढली होती: नोव्हेंबरात प्रयोगशाळेच्या बाजूचा मुख्य कॉक बंद करायचा, किल्ली स्वतःच्या खणात ठेवायची, मार्चमध्ये काढायची. चार महिने प्रयोगशाळेत थेंब नाही. नुसता कॉक बंद करून भागत नाही, नळीत राहिलेलं पाणी काढून टाकावं लागतं, नाहीतर तेच गोठतं. हे मी त्यांना सांगितलं होतं. “लाल्ला तुदा, तू बीकर धू,” म्हणाले. लाल्ला म्हणजे बाई, तुदा म्हणजे मी.

म्हणून मी रोज सकाळी मागच्या गल्लीतल्या हमामातून, गावच्या न्हाणीघरातून, दोन बादल्या पाणी आणायची. तासाला उशीर झाला की बादलीवर बर्फाची साय धरायची. छत्तीस मुलांना प्रयोगाचे, डोळे झाकायचे चष्मे सात, त्यातल्या चारांचे पट्टे तुटलेले. तीन वर्षं मागणी लिहिली. तीन वर्षं उत्तर एकच, या वर्षी भागवा.

भिंतीवर मात्र पाटी होती. मोठ्या अक्षरात, रंगीत. ‘चष्मा लावा. डोळ्यात काही गेल्यास ताबडतोब वाहत्या पाण्याने धुवा.’ पाटीच्या खाली कोरडा नळ.

जानेवारीच्या तिसऱ्या मंगळवारी कॉस्टिक सोड्याचा प्रयोग होता. सोड्याच्या बाटलीला काचेचं बूच लावू नये, ते चिकटून बसतं. आमच्याकडे सगळी बुचं काचेची. त्या दिवशी बूच निघेना. उस्ताद आधीच अर्धा तास उशिरा आलेले. त्यांनी ओढून पाहिलं, पिळून पाहिलं, मग बाटलीची मान टेबलाच्या कडेवर ठोकली. मान तुटली. समोर बीकर घेऊन इत्तो उभी होती, बिनचष्म्याची.

ती ओरडली ती अशी की फळ्यावरचा खडू पडला असता.

मी बादलीकडे धावले. बर्फ. लोखंडी स्टँडने फोडला, गारठलेलं पाणी ओंजळीने तिच्या डाव्या डोळ्यात मारलं. अर्धी बादली किती पुरणार? सोडा सोडत नाही. तो आत आत जात राहतो. मी तिची मान काखेत धरली आणि तशीच तिला घेऊन मागच्या दाराने गल्लीत पळाले, थेट हमामात.

मंगळवार सकाळ, बायकांची वेळ. आत वाफ, साबण, पाठी घासणाऱ्या बायका.

“अगं तुदा, बूट! बूट काढ, बाई!”

“बूट गेले खड्ड्यात! पाणी सोड, रकिया, पाणी!”

रकिया हमामाची राखण करते. अंगाने माझ्या दुप्पट. तिने एक नजर टाकली आणि इत्तोचं डोकं मांडीवर घेतलं. मी बोटांनी पापण्या ताणून धरल्या. कोमट पाण्याची धार, वरून, सतत. इत्तो लाथा झाडत होती. एक नवरी मुलगी लग्नाआधीच्या न्हाणाला आली होती, तिने पाय दाबून धरले.

“किती वेळ गं?” रकिया.

“मी बस म्हणेपर्यंत.”

“हात भरून आले माझे.”

“भरू देत.”

अर्धा तास. जास्तच. मग दवाखाना.

डॉक्टरीणबाई म्हणाली, “पाणी मिळालं म्हणून डोळा आहे. आणखी थोडा उशीर झाला असता तर मी फक्त पट्टी बांधली असती.” बुबुळावर धूसर डाग राहणार होता. किती, ते वसंतात कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी मुदीर साहेबांनी बोलावलं. पुदिन्याचा चहा आधीच ओतून ठेवलेला. हा माणूस चहा ओततो तेव्हा मी खिसे तपासते. उस्ताद मझियान कोपऱ्यात, मान खाली.

“बस, लाल्ला तुदा. चहा घे.”

“उभीच बरी.”

त्यांनी प्रयोगशाळेची नोंदवही माझ्याकडे सरकवली. ती रोज मीच लिहिते, तास, वर्ग, फूटतूट. “गुरुवारी तपासनीस येताहेत. मंगळवारची नोंद राहिलीय तुझी. लिही. सर्वांना चष्मे दिले. नळाला पाणी चालू होतं. विद्यार्थिनीने चष्मा स्वतः काढला आणि न विचारता बाटली उघडली.”

“बाटली तिने उघडली?”

मी उस्तादांकडे पाहिलं. ते चहाकडे पाहत होते.

“उस्ताद, तुमच्या तोंडून ऐकू दे एकदा.”

“मला तीन मुलं आहेत, तुदा,” ते म्हणाले.

“तिच्या आईला एकच इत्तो आहे.”

“पुरे!” मुदीर साहेब. “वर्गाच्या वह्याही तशाच येतील. खबरदारीचा मजकूर उस्तादांनी फळ्यावर दिलाय. जो उतरवणार नाही त्याला शून्य.”

“आणि पोरीचं काय?”

“शिस्तमंडळापुढे जाईल. विज्ञानातून काढून साहित्याच्या वर्गात टाकू. बरंच आहे. तिथे डोळ्यात काही उडत नाही.”

ते हसले. स्वतःच्या विनोदावर हसणारा माणूस मी अनेक वेळा पाहिलाय, पण असा नाही.

“तुझ्या निवृत्तीला चारच वर्षं राहिलीत, लाल्ला तुदा. शहाणी हो.”

“चार वर्षं म्हणजे चार हिवाळे, साहेब. आठशे बादल्या.” मी वही काखेत मारली. “घरी लिहून आणते. माझं अक्षर हळू चालतं.”

संध्याकाळी इत्तो माझ्या दारात उभी. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी, बापाचा लांब, टोपीवाला जेलबा अंगावर, हातात प्रयोगवही. मी गरम हरीराची, डाळीच्या सुपाची वाटी पुढे केली. तिने बाजूला सारली आणि वही उघडली.

निरीक्षणाच्या रकान्यात तिने सगळं लिहिलं होतं. बाटली कुणी ठोकली. चष्मे किती. नळ कधीपासून बंद. बादलीवर बर्फ किती बोटं. डोळा किती वेळ धूत होतो, तेसुद्धा रकियाला विचारून. खबरदारीच्या रकान्यात एकच ओळ: ‘पाटीवर जे लिहिलं आहे ते असतं, तर.’

“उस्ताद म्हणाले, फाड आणि फळ्यावरचं उतरव. नाहीतर शून्य, आणि मग मंडळ. मी विज्ञानातून गेले, खाल्ती.”

“मग काय करणार?”

“तूच सांग. तूच म्हणाली होतीस ना, शंभर लिही नि पुढे हो.” तिचा एकच डोळा माझ्यावर रोखलेला. “आता सांग, काय लिहू? नळाला पाणी होतं?”

बावीस वर्षांत माझ्यावर इतक्या लोकांनी हात उगारला, इतक्यांनी आवाज चढवला. असं कुणी मारलं नव्हतं.

“मी चुकले,” म्हटलं.

“कधी?”

“ऑक्टोबरात. आणि त्याच्या आधीच्या एकवीस ऑक्टोबरांत.”

तिने हरीराची वाटी ओढून घेतली. खाताना म्हणाली, “मीठ कमी आहे.”

ती गेल्यावर मी नोंदवही उघडली आणि मंगळवारची नोंद लिहिली. माझं अक्षर खरंच हळू चालतं. पण चालतं. मग वहीच्या प्रत्येक पानावर कोपऱ्यात आकडा घातला, म्हणजे एखादं पान नाहीसं झालं तर भोक दिसेल.

गुरुवारी तपासनीस आले. स्काल्ली नाव, कोट न काढता बसणारे, थंडीने नाक लाल. प्रयोगशाळेत मुदीर, उस्ताद, मी आणि इत्तो. पस्तीस वह्यांचा गठ्ठा टेबलावर होता, एकसारख्या पस्तीस खबरदाऱ्या. छत्तिसावी इत्तोच्या हातात. मुलांना दोष देत नाही मी. शून्याची भीती मलाही बावीस वर्षं होती.

स्काल्लींनी इत्तोची वही वाचली. मग माझी नोंदवही. मुदीर साहेबांनी ती वाचली नव्हती. त्यांना वाटत होतं मी शहाणी झाले. स्काल्लींच्या भुवया वर गेल्या तशा ते वाकले, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. पण क्षणभरच.

“साहेब, ही बाई सहावी नापास आहे. आणि ही मुलगी...” त्यांनी कपाटातून जुनी वही काढली. त्यांची तयारी होती हो! “ही ऑक्टोबरातली वही पाहा. पाणी पंच्याण्णवावर उकळलं म्हणते! उस्तादांनी तेव्हाच शेरा दिलाय, निष्काळजी वाचन. जिला थर्मामीटर वाचता येत नाही तिच्या निरीक्षणावर तुम्ही विश्वास ठेवणार?”

स्काल्लींनी लाल शाई पाहिली. मान डोलावली. “खरंय. ही ढोबळ चूक आहे.”

इत्तोने माझ्याकडे पाहिलं. 

मी बादलीतलं पाणी बीकरमध्ये ओतलं, जाळीवर ठेवलं, दिवा पेटवला.

“काय चाललंय?” मुदीर.

“प्रयोग. साहेब थंडीतून आलेत, हात शेकतील.”

“तुदा, बाहेर हो!”

“मुदीर साहेब, मी या खोलीची राखणदार आहे. दिवा पेटलेला असताना खोली सोडू नये, हे तुमच्याच पाटीवर लिहिलंय.”

स्काल्लींना हसू आलं ते त्यांनी नाकात दाबलं. खुर्ची पुढे ओढली. पाणी गुणगुणायला लागलं, मग बुडबुडे, मग खदखदा. मी थर्मामीटर सोडला. आम्ही सगळे एका बीकरभोवती वाकून उभे, जसे काही तिथे मूल जन्माला येणार होतं.

“वाचा साहेब.”

त्यांनी चष्मा पुसला. परत वाचलं. “वाढेल अजून,” म्हणाले.

“वाट बघा.”

वाट बघितली. पाणी आटायला लागलं. पारा तसाच.

“थर्मामीटर खराब असेल,” मुदीर साहेब म्हणाले.

मी खणातून दुसरा काढला. मग तिसरा. तिन्ही एका बीकरमध्ये, तिन्ही एका रेघेवर.

“इत्तो,” स्काल्ली म्हणाले, “तू वाच.”

ती पट्टीचा डोळा वळवून दुसऱ्या डोळ्याने वाकली. “पंच्याण्णव.”

“पंच्याण्णव,” स्काल्ली म्हणाले. आणि मग, कुणी न सांगता, ते उठून पाटीखालच्या नळाकडे गेले. मुदीर साहेबांनी सकाळीच कॉक उघडून ठेवला होता, म्हणून ते निवांत होते. स्काल्लींनी नळ फिरवला. नळ खोकला. एकदा, दोनदा. आतल्या नळीत नोव्हेंबरचं पाणी दगड होऊन बसलं होतं. थेंब आला नाही.

कोपऱ्यातून आवाज आला, “बाटली मी ठोकली.” उस्ताद मझियान. इतक्या हळू, की त्यांना ते दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

मंडळ भरलं नाही. इत्तो विज्ञानातच आहे. तिच्या डोळ्यावरचा डाग गेलेला नाही, जायचाही नाही. ती त्याला ‘माझी लाल शाई’ म्हणते. मुदीर साहेब अजून तिथेच आहेत. अशा लोकांची बदली होते ती वरच होते, आणि वरची जागा अजून रिकामी नाही.

पण कॉकची किल्ली आता माझ्या गळ्यात आहे. हिवाळ्यात रोज संध्याकाळी मी नळ्या रिकाम्या करते, रोज सकाळी पाणी सोडते. बोटं फुटतात. फुटू देत. चष्मे अजून सातच आहेत. म्हणून एका वेळी सातच मुलं आत येतात. बाकीची एकोणतीस बाहेर व्हरांड्यात उभी राहतात, पाय आपटत, तोंडातून वाफ सोडत. मुदीर साहेब खिडकीतून ओरडतात, “लाल्ला तुदा, अशाने अभ्यासक्रम जूनपर्यंत संपणार नाही!”

“चष्मे पाठवा,” मी म्हणते, “उद्या संपवते.” आणि दार लावून घेते.