चालत्या गाडीत उभं राहणं

“सात... आठ... आवं, डोळं मिटा की!”

“मिटल्यातच,” गुंडा म्हणाला आणि त्याचा उजवा घोटा बाहेर कलंडला. त्याने दाराची चौकट धरली. लीलाबाईने आकडा तिथेच सोडला. मिरजेच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तीस आकडे सांगितले होते. एका पायावर, डोळे मिटून, काही न धरता. आपला नवरा आठाच्या पुढे जात नाही, हे तिला आठवडाभर दिसत होतं. परीक्षा उद्या सकाळी नवाच्या गाडीत होती.

गुंडा एस.टी.त कंडक्टर. चार वर्षं रोजंदारीवर काढली, आता कुठे कायम होणाऱ्यांच्या यादीत नाव लागलं होतं. पण गाडी थांबायच्या आत उतरायची ऐट अंगात. आष्ट्याच्या स्टँडवर ती नडली. घोट्याची शीर तुटली आणि सहा आठवडे प्लॅस्टर.

प्लॅस्टर काढलं तेव्हा बाईंनी बजावलं होतं, “तुमचे दोन्ही हात तिकिटांच्या पेटीत आणि तिकीट टोचायच्या चिमट्यात अडकलेले. गाडी हलणार. तोल घोट्याने सांभाळायचाय, मांडीने नाही. आधी जमिनीवर एका पायावर उभे राहा, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर. कामावर परत घ्यायच्या परीक्षेला दीड महिना आहे, एक दिवस चुकवू नका.”

गुंडाने हे घरी येऊन वडिलांना सांगितलं आणि तिथेच घोळ झाला. आकाराम तात्या तालमीतला माणूस. पाय लचकला तर बैठका, भूक लागेना तर बैठका, सून माहेरी गेली म्हणून करमेना तरी बैठकाच.

“येका पायावर हुबं ऱ्हाऊन कुनाचा पाय सुदारलाय रं? मांडी भर. घोटा आपसूक ऐकतोय.”

त्यात शेजारच्या अर्जुनाने त्याला अंगणात तसं एका पायावर उभं पाहिलं. “गुंडा, मासं घावलं का न्हाई अजून?” सगळी गल्ली हसली. तिसऱ्या दिवशी गोधडी परत वळकटीत गेली.

मग पाच आठवडे बैठका. सकाळी तीनशे, संध्याकाळी तीनशे. तात्या ओट्यावर बसून मोजायचे. मांड्या अशा भरल्या की खाकी पँट वर चढेना. लीलाबाईने शिवण उसवून दिली, तर तात्यांना कोण आनंद! ती पँट घालून बघायला गुंडा उजव्या पायावर उभा राहिला आणि धाडकन ट्रंकेवर पडला. पडल्या पडल्याच त्याला सगळं कळलं. तो लहान पोरासारखा रडला.

त्या दिवसापासून तो वेड्यागत एका पायावर उभा राहत होता. जेवायचं ताट समोर ठेवलं तरी उभाच. घोटा सुजला. आठ दिवसांत पाच आठवडे कुठून भरून निघणार?

निघायच्या सकाळी तात्या जवळ आले. “म्या मोजू का रं?”

“नगं. तुमी मोजलं तेवढं लय झालं.”

म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. गुंडाला बोललेलं परत घ्यावंसं वाटलं, पण वेळ नव्हता.

परीक्षा घेणारा तपासनीस दादासो माणूस वाईट नव्हता. “आष्ट्यापातूर समद्यांची तिकिटं फाड. दांडी धरू नगंस गड्या, मला लिव्हावं लागंल.”

इस्लामपूर सुटलं. पाच बाकं नीट गेली. उसाच्या गाडीला वाट द्यायला ड्रायव्हरने ब्रेक मारला तसा घोटा वळला आणि गुंडाचा हात दांडीवर गेला. दादासो त्या वेळी खिडकीबाहेर बघत होते. निदान त्यांनी तसं दाखवलं.

पुढच्या वळणाला मात्र तो दोन्ही गुडघ्यांवर आदळला. उठताना मांड्यांनी त्याला एका झटक्यात उभं केलं, हात टेकायची गरजच पडली नाही. उभं राहिल्यावर पाय पुन्हा लटपटला.

“बास, गुंडा,” दादासो हळूच म्हणाले. “बस आता.”

गुंडाने मागे पाहिलं. अकरा माणसं राहिली होती. त्याने दोरी ओढून एक घंटी दिली. गाडी रस्त्याच्या कडेला थांबली.

“सायेब, ह्यांची तिकिटं ऱ्हायल्यात.”

थांबलेल्या गाडीत तो ताठ उभा राहिला. एका हातात पेटी, एका हातात चिमटा. कुणाला सांगली, कुणाला आष्टा, विचारत विचारत त्याने अकराच्या अकरा तिकिटं फाडली. गाडीला उशीर होतोय, असं कुणी म्हणालं नाही.

मग त्याने दोन घंट्या दिल्या, पेटी दादासोंच्या मांडीवर ठेवली. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीने आपलं बोचकं पायाशी घेतलं आणि जागा केली.

“बस लेकरा हितं.”

गुंडा बसला. आष्टा यायला अजून चार मैल होते.