सातवी ब हसत नाही

माझी ही आणि मी एकाच शाळेत शिकवायचो. मी गणित, ही भाषा. ही गेल्यावर हिच्या कपाटातलं सामान मीच घरी नेलं. चष्म्याचं घर, स्टेपलर, थंडीतला स्वेटर. शाळेत हिचं म्हणून राहिलं ते फक्त नाटक.

दर वर्षी ही सातवीच्या मुलांना एलिझाबेथ राणीच्या काळातलं एक विनोदी नाटक शिकवायची. चारशे वर्षांपूर्वीचं. आपल्या भाषेत ते हिनेच उतरवलं होतं. एक मुलगी आपला होणारा नवरा कसा आहे हे बघायला मुलाचे कपडे घालते आणि त्याच्याच घरी नोकर म्हणून राहते. तो तिलाच सांगत बसतो की माझी होणारी बायको महाभांडखोर आहे म्हणे, आणि तिला मान हलवावी लागते. स्नेहसंमेलनात सातवीची मुलं त्यातला एक प्रवेश करायची.

यंदा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नाटक राहू द्या, सर. सामान्यज्ञानाची स्पर्धा ठेवू."

"मी शिकवतो."

"तुम्ही गणिताचे."

"वाचता येतं मला."

त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं. वाईट बाई नाहीत. "दोन तास देते," म्हणाल्या. "मुलांनी धरलं तर करू. नाही धरलं तर हट्ट करायचा नाही. एकदा बंद झालं की पुन्हा सुरू होत नाही, ते तुम्हालाही माहीत आहे."

मी हो म्हटलं. घर रिकामं झालेलं रोज बघत होतोच. शाळाही तशीच व्हायला नको, एवढंच डोक्यात होतं.

पहिल्या तासाला मी हिच्यासारखंच सगळं केलं. बाकं भिंतीला लावायला सांगितली. खडूने जमिनीवर रंगमंच आखला. त्या काळी बायकांना नाटकात काम करायला बंदी होती, त्यामुळे बायकांची कामं मुलगेच करायचे, हे सांगितलं. म्हणजे मुलगा मुलीचं काम करणार आणि ती मुलगी नाटकात मुलगा होणार. फळ्यावर बाण काढून दाखवलं. हिच्या वर्गात इथे छप्पर उडायचं. माझा वर्ग शेजारच्याच खोलीत असायचा, म्हणून मला माहीत.

सातवी ब भिंतीला टेकून बसली होती. चाळीस चेहरे, सगळे परीक्षेला बसल्यासारखे.

मी वाचायला लागलो. मालकाचा म्हातारा काका दरवाज्याला पाहुणा समजून नमस्कार करतो, तो भाग. कुणी हसलं नाही. नोकर झालेल्या मुलीला मालक दाढी करायला शिकवतो, तो भाग. मागे कुणीतरी खोकलं.

"कळलं का?" मी विचारलं.

"हो, सर," सगळे एका सुरात.

"गंमत वाटली का?"

"हो, सर." तोच सूर.

संध्याकाळी ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, रोज मी जेवलो का ते विचारते. तिला सगळं सांगितलं.

"तू वाचतोस की हजेरी घेतोस?" ती म्हणाली.

"बरं वाचलं मी."

"तुझ्या लग्नात तू भाषण केलं होतंस. माझे सासरे पेंगले होते."

"म्हणजे बंद करू?"

"तसं मी म्हटलं का? तिच्यासारखं वाचू नकोस. तुला येणार नाही. आणि जेव."

दुसऱ्या तासाला मी बाण वगैरे काढले नाहीत. सरळ काकाचा प्रवेश काढला. म्हाताऱ्याला नीट दिसत नाही आणि ते तो कबूल करत नाही. मीही चष्मा काढला, कारण त्याशिवाय मला कळेना की हा माणूस चालेल कसा. कपाटाला नमस्कार केला. कपाटाची तब्येत विचारली. ते उत्तर देत नाही म्हणून त्याला उद्धट म्हटलं.

चिडीचूप.

चष्मा परत घातला आणि पुढे बघितलं. एक मुलगी, सगळे तिला टकळी म्हणतात कारण तिचं तोंड कधी मिटत नाही, दप्तरात डोकं खुपसून बसली होती. खांदे हलत होते. मला वाटलं, रडते आहे. हिची लाडकी होती ती.  एवढं करून मी मुलांना रडवलंच, असं वाटलं.

तिच्याजवळ गेलो आणि वाकून म्हटलं, "बाळ, काय झालं?"

तिने डोकं वर काढलं. तोंडात रुमाल कोंबलेला होता आणि ती हसत होती. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला. रुमाल काढून म्हणाली, "चुकलं, सर."

"काय चुकलं?"

"हसले."

शेजारचा उंच मुलगा, त्याला उंट म्हणतात, घाईने म्हणाला, "मी चिमटा काढला होता, सर. तरी हसली."

"चिमटा कशाला?"

 उंटाने बाही वर केली. दंडावर लाल खुणा होत्या. बाजूच्या मुलाच्याही. त्याच्या पलीकडच्याही.

"मोठ्या बाईंनी सांगितलं होतं," तो म्हणाला, "की सरांच्या घरी दुःख झालंय, सरांसमोर दंगा करायचा नाही, खिदळायचं नाही. मग आम्ही ठरवलं. जो हसेल त्याला शेजाऱ्याने चिमटा काढायचा."

"आणि हिला मी दोनदा वाचवलंय, सर," मागून कुणीतरी म्हणालं.

"खोटारडा. कमरेला काढलास तू, तिथे गुदगुल्या होतात," टकळी म्हणाली.

मी आखलेल्या रंगमंचाच्या कडेला खाली बसलो.  "म्हणजे परवाही?"

"परवा तर फार वाईट, सर. दाढीच्या वेळी. मी जीभ चावली," उंट म्हणाला.

 नाटक पडलं नव्हतं. मुलं माझ्यासाठी स्वतःचे दंड सोलून घेत होती.

"आता हसा," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. तसं सांगून कुणी हसतं का? 

मग मी म्हटलं, "बरं. तुमच्या बाई नाटकाच्या पहिल्या दिवशी शिव्यांचा तास घ्यायच्या, तो माझा राहिला. मी तो काका. तुम्ही माझे नोकर, आणि मी तुमचा पगार बुडवलाय. बोला."

 शेवटी पुढची एक बारकी मुलगी, जी वर्षभरात वर्गात बोललेली मला आठवत नाही, उठून उभी राहिली, हात जोडले आणि म्हणाली, "सर, तुम्ही कुजका बटाटा आहात."

आधी टकळी फुटली. मग उंट. मग सगळेच. "तुम्ही तुटकी बादली आहात, सर." "भोक पडलेला मोजा." "ओली काडेपेटी." मी कपाटाकडे वळून म्हटलं, ऐकतोस ना, हे माझे नोकर, आणि त्यानंतर काही ऐकूच आलं नाही. एक मुलगा उचक्या देत खाली लोळत होता. मीही हसत होतो. ही गेल्यापासून पहिल्यांदाच. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते कसलं हे मी बघत बसलो नाही.

दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. वर्ग गार झाला.

"ऑफिसमध्ये फोनवर बोलता येत नाही, सर."

"बाई, यांनी चिमटे काढून हसू दाबलं होतं," मी म्हटलं. "तुमच्या सांगण्यावरून."

उंटाने दंड दाखवला. त्यांनी तो बघितला, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. ओठ आवळून घेतले. त्यांना कुणी चिमटा काढणारं नव्हतं, म्हणून त्या खिडकीकडे तोंड करून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"उद्यापासून शाळा सुटल्यावर घ्या," मग म्हणाल्या. "बाकीचे वर्ग घरी गेलेले असतील."

"म्हणजे नाटक करायचं?"

"म्हणजे मला फोन करता आला पाहिजे." आणि गेल्या.

नोकर झालेली मुलगी कुणी करायची यावरून टकळी आणि उंट तिथेच भांडायला लागले. तो म्हणत होता, त्या काळी मुलगेच करायचे, सरांनीच सांगितलंय. ती म्हणत होती, मग जा त्या काळात. मी दोघांना खडूच्या रेघेच्या आत बोलावलं आणि वाचून दाखवायला लावलं.