दादा-वहिनीचा संसार

वनरक्षकाने सकाळपासून एकच फोटो सतरा वेळा मोठा करून पाहिला आणि अठराव्या वेळी संगणकाचा पडदाच शर्टाच्या बाहीने पुसला. पडदा स्वच्छ होता. घोळ त्याच्या नऊ वर्षांत होता.

संरक्षित डोंगररांगेच्या पायथ्याशी माहिती केंद्र आहे. त्याच्या मागच्या खोलीत तो बसला होता. पुढच्या दालनात भिंतभर दोन हिमबिबट्यांचे फोटो लावलेले, एक दादा आणि एक वहिनी. नावं त्यानेच ठेवलेली. कागदोपत्री त्यांना क्रमांक होते, पण क्रमांकावर कोण जीव लावतो? साऱ्या रांगेत उरलेली ही शेवटची जोडी. तिला पिल्लं होतील या एवढ्या एका आशेवर केंद्र, कुंपण, रक्षकाची नोकरी, सगळं उभं होतं.

दादा दिसायचा खिंडीतल्या कॅमेऱ्यात आणि वहिनी ओढ्यावरच्या. नऊ वर्षांत दोघं एका फोटोत कधी आले नाहीत. "संसार म्हटला की हे चालायचंच," असं म्हणून रक्षक सगळ्यांना हसवायचा. खरं तर वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे असतात, कारण बिबट्याच्या डाव्या अंगावरचे ठिपके उजव्या अंगासारखे नसतात. पण कॅमेरे मिळाले होते मोजून दोन. मग एक खिंडीत बांधला, एक ओढ्यावर, जिथे बरासा खडक सापडला तिथे. खडक रक्षकानेच निवडले होते.

आज कॅमेऱ्यातून काढून आणलेल्या कार्डात वहिनी ओढ्यावर पाणी प्यायली आणि कधी नव्हे ती मागे वळली. तिची उजवी बाजू पहिल्यांदाच दिसली. मांडीवर तुटक्या कड्यासारखा ठिपका, त्याच्याखाली तीन बारके. हे ठिपके रक्षकाने झोपेतही ओळखले असते. ते दादाचे होते. वळताना मागून जे दिसलं, त्यावरून वहिनी बाईमाणूस नव्हती, हेही उघड झालं.

खिंड चढताना उजवं अंग, ओढ्याने उतरताना डावं. एकच नर वर्षानुवर्षं एकाच दिशेने गोल फिरत होता.

अधिकारी बाईंनी पाणी पितानाचा आणि वळल्यावरचा, दोन्ही फोटो पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

"किती अंतराचे आहेत हे?"

"चार सेकंदांच्या अंतराचे, मॅडम."

"मादी दुसरीकडे कुठे असेल? ठसे वगैरे?"

"जे ठसे सापडले ते मीच दोघांच्या नावावर वाटत होतो, मॅडम. हा दादाचा, हा वहिनीचा."

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. "मी वर कळवते," एवढंच त्या म्हणाल्या. "भिंतीवरचे फोटो आजच्या दिवस राहू देत."

नोकरी गेली तर जाईल, त्याचं काही एवढं नव्हतं. प्रश्न घरी बसलेल्या आबांचा होता.

आबा म्हणजे रक्षकाचे वडील. डोंगरावर त्यांचं अकरा घरांचं गाव होतं, आणि आबा तिथे चाळीस वर्षं मेंढ्या राखत. रांग संरक्षित झाली तेव्हा सरकारी माणसं म्हणाली, तुम्ही खाली उतरलात तर बिबटे जगतील. कुणी हलायला तयार नव्हतं. मग आबाच दारोदार फिरले. गावामागे एक खडक होता. त्यावर कुण्या जुन्या काळच्या माणसांनी बिबट्याची मादी कोरली होती, तिच्यामागे दोन पिल्लं. आबांनी एकेकाला हाताला धरून तिथे नेलं. "हे आपल्याआधीपासूनचे इथले," ते म्हणाले, "आपण जरा सरकून बसू." आबांच्या शब्दावर बाकीची दहा घरं उतरली. खाली आल्यावर मेंढ्या विकल्या गेल्या, दोघं दारूला लागले, म्हातारी माणसं बंद खोल्यांत दोन हिवाळ्यांतच आटोपली. उरलेले रस्त्यात आबांना पाहिलं की तोंड फिरवत.

आबांनी आपला चांगला कोट इस्त्री करून दारामागच्या खुंटीला टांगून ठेवला. पिल्लांचा फोटो येईल त्या दिवशी तो कोट घालून त्या दहाही दारांत जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. रोज संध्याकाळी रक्षकाच्या बुटाची नाडी सुटायच्या आत आबांचा प्रश्न यायचा.

"काय रे, वहिनीकडे काही गोड बातमी?"

आजही आला. 'अजून नाही' म्हणून वेळ मारून नेता आली असती. नऊ वर्षं तो तेच म्हणत होता, फक्त आजवर ते खरं होतं. त्याने दोन्ही फोटो टेबलावर ठेवले.

आबांनी ते खिडकीपाशी नेले. मांडीवरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा दादा." मग बोट दुसऱ्या फोटोकडे गेलं आणि अधांतरीच थांबलं. जनावरांमागे जन्म गेलेल्या माणसाला समजावून सांगावं लागलं नाही.

"कॅमेरे कुणी बांधले होते?"

"मीच, आबा."

"म्हणजे तो एकटाच फिरतोय."

"हो. आणि वयही झालंय त्याचं."

"दहा घरं..." आबा म्हणाले. रक्षकाला रडू फुटलं. आबांना रडू आलं नाही, याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने बुटाची एक नाडी सोडली, मग मुद्दाम वेळ लावून दुसरी. प्रश्न आला नाही. बूट जागेवर ठेवून झाले तरी आला नाही.

"बाहेर थंडी आहे का रे?" आबांनी बऱ्याच वेळाने विचारलं.

"आहे."

भिंतीला हात धरत आबा उठले. दारामागच्या खुंटीवरचा कोट त्यांनी काढला, खांद्यावरची धूळ झटकली आणि लेकापुढे धरला.

"उद्यापासून हा घालून जात जा. मला आता कुठे जायचंय?"