शुभेच्छुकांत सगळ्यात वर

पाच वाजायला एक मिनिट उरलं असताना भूपेंद्रनं पुन्हा बोली वाढवली आणि करुणाच्या हातून चौकट गेली. सलग तिसऱ्या दिवशी. मोबाईल भिंतीवर आपटावा असं तिला वाटलं, पण तो अंगणवाडीचा होता, त्यात अड्याळच्या पोरांची वजनं होती.

यंदापासून पेपरवाल्यांनी जाहिरातीची जागा ऑनलाइन लिलावात काढली होती. भंडारा जिल्ह्याच्या पानावर जाहीर सूचनेला रोज एकच चौकट. पाच वाजेपर्यंत ज्याची बोली वर, चौकट त्याची. करुणाला त्यात चार ओळी छापायच्या होत्या: आसगावची तलावाखालची दोन एकर जमीन माझ्या वडिलांची, तीत निम्मा हिस्सा माझा, कोणी विकत घेऊ नये. वडील गेल्यावर तिचा धाकटा भाऊ भूपेंद्र यानं सातबाऱ्यावर एकट्याचं नाव चढवून घेतलं होतं. तहसीलातल्या तिच्या अर्जाला पुढच्या महिन्याची तारीख, आणि रजिस्ट्री येत्या सोमवारी! घेणारा भंडाऱ्याचा कोणी व्यापारी होता, त्याचं नाव दलाल सांगेना. त्याच्यापर्यंत पोचायला पेपरच उरला होता.

आणि हा निलाजरा भाऊ त्या चौकटीत काय छापत होता? पहिल्या दिवशी हरवलेलं पासबुक. दुसऱ्या दिवशी हरवलेली चावी. सापडल्यास कळवावे! धानाच्या ज्या बांधीत करुणानं सहावीपासून आईबरोबर कमरेत वाकून रोवणा केला, तिच्या चिखलात हा कधी चपला काढून उतरला नव्हता.

ती अशी धुमसत असतानाच संघपाल दारात आला. पेपरचा अड्याळचा एजंट, जाहिरातींचा मजकूरही तोच जुळवायचा.

"करुणाताई, तुमचा फोटो पाहिजे. भूपेंद्रभाऊचा रविवारी वाढदिवस हाये. अर्धं पान घेतलं त्यायनं, रविवारी चौकट नाहीच."

"माहा फोटो कायले?"

"शुभेच्छुकांत तुमचं नाव सगळ्यात वर टाकाले सांगतलं. सख्खी बहीण वर दिसली पाहिजे म्हणे."

करुणाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे जमीनही माझी खायची आणि वर माझाच हसरा फोटो लावून व्यापाऱ्याला दाखवायचं, की बघा, बहीण किती खूश आहे! 'नीघ माह्या दारातून' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते.

"आन् नावाखाली पद काय लिवू?" संघपालनं वही काढली. "तुमीच लिहून द्या. मागच्या साली वाढदिवसाच्या पानात एका उपाध्यक्षाले सदस्य छापलं, तर तो भाऊच्या अंगणात येऊन भांडला. तवापासून भाऊचा हुकूम हाये, ज्यानं जे लिहून देलं ते तसंच छापाचं."

करुणानं वही ओढून घेतली आणि पेन कागदातून आरपार जाईल अशा जोरानं लिहिलं.

संघपालनं वाचलं आणि मान वर केली. "ताई, हे..."

"हुकूम काय हाये?"

त्यानं तिचा फोटो वहीत ठेवला आणि वही खिशात घातली. "हुकूम तसाच हाये," तो म्हणाला.

रविवारी भूपेंद्र अर्ध्या पानावर काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून उभा होता. खाली शुभेच्छुकांचे फोटो. सगळ्यात वर करुणा, आणि नावाखाली तिचं पद: 'आसगाव येथील दोन एकरातील निम्म्या हिश्श्याची वारस. विक्रीस हरकत. कोणी विकत घेऊ नये.' तिच्याखाली माजी सरपंच आणि तो उपाध्यक्ष, दोघंही हसत होते.

सकाळी आठ वाजता भूपेंद्रचा फोन आला.

"सौदा मोडला, ताई! त्यानं इसार वापस मांगतला! वाढदिवसाच्या दिवशी भावाचं नाक कापलं तुनं. लाज नाही वाटली?"

"लाज?" करुणाचा आवाज चढला, शेजारीण कुंपणापाशी येऊन उभी राहिली. "सातबाऱ्यातून सख्ख्या बहिणीले काढलं तवा तुही लाज कोठं गेली होती? तेही छापाचं होतं, हरवली म्हणून!"

"पण माह्या पैशाच्या पानावर तुहं हे असं छापलंच कसं?"

"माहं नाव तूच टाकलं, सगळ्यात वर. आता तहसीलात ये आन् सातबाऱ्यावर टाक. तेथं वर नको. तुह्या बाजूले टाक."